खालच्या ओळीतलं नाव

मित्रांनो, मला पाहून तुम्ही ओळखणार नाही. येणारेजाणारे म्हणतात, हा मोडका पिंजरा दिसतोय. कुणी म्हणतं, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार असेल. पण मी एक जुनी दाबचौकट आहे. उभ्याआडव्या लाकडी पट्ट्यांच्या दोन जाळ्या, मध्ये कागदांची चळत आणि वरून करकचून आवळलेले दोन चामडी पट्टे, एवढाच माझा देह होता. शास्त्रज्ञ रानातून झाडं आणतात, ती ओली असतानाच माझ्या पोटात घालतात. मी त्यांना चपटं करते, वाळवते. वाळलेलं झाड जाड कागदावर चिकटवलं की मग त्याला नाव ठेवतात. या कामाची मला एके काळी फार ऐट होती. आता ऐट उरली नाही. का, ते ऐकाल तर सांगते.

माझा जन्म इक्वेडोर देशातल्या डोंगरांच्या पश्चिम उतारावरचा. ओली धार नावाच्या डोंगराखाली सान रोमुआल्दो नावाचं वीसपंचवीस घरांचं गाव आहे. तिथला सुतार एव्हारिस्तो. त्याला सगळे 'माएस्त्रो' म्हणत. ज्याच्या हातात कसब आहे त्याला तिकडे असंच म्हणतात. दारं, पाळणे, होड्या, सगळं त्याच्या हातचं. त्याला एकच लेक, नार्सिसा. ती आठ वर्षांची असताना पावसात रस्ता वाहून गेला आणि त्याच आठवड्यात तिला गोवराचा ताप चढला. औषध नदीच्या पलीकडे राहिलं. एव्हारिस्तोने तिची पेटी स्वतःच केली, लाउरेल नावाच्या झाडाच्या लाकडाची. पेटी लहान होती, म्हणून थोड्या फळ्या उरल्या. त्या त्याला जाळवेनात आणि दुसऱ्या कुठल्या कामाला लावतानाही हात चालेना. त्याने त्या पडवीच्या वळचणीला खोचून ठेवल्या.

त्या फळ्यांची मी. म्हणजे नार्सिसाला जे लाकूड लागलं, त्यातलंच उरलेलं. ती माझी थोरली बहीण, असं मी मनाशी धरून चालते.

एव्हारिस्तोची बायको उबाल्दीना गाणारी होती. गाणारी म्हणजे कशी? गावात पाद्री वर्षातून दोनदा यायचा. बाकीचे दिवस देवाचं सगळं उबाल्दीनाकडे. सणाला, मयताला, लेकरू जन्मलं तरी ती उभी राहायची. आधी एक कडवं गायची, मग थांबून त्याचा अर्थ सांगायची, मध्येच कुणाची तरी फिरकी घ्यायची, लोक पोट धरून हसायला लागले की पुढचं कडवं असं लावायची की हसणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यावं. मागे बायका ध्रुपद धरायच्या. मी खूप ऐकलंय तिला. सांगते तुम्हाला, त्या आवाजापुढे लाकडालासुद्धा पालवी फुटावी असं वाटायचं. स्वतःच्या लेकीच्या मयतालाही तीच गायली. तिकडची रीत आहे, लेकरू गेलं तर रडायचं नाही, गायचं; नाहीतर त्याचे पंख भिजतात आणि वर जाता येत नाही. उबाल्दीना पहाटेपर्यंत गायली. नाव घेऊन घेऊन गायली.

सात महिन्यांनी राजधानीहून, कितोहून, डॉक्टर लारेआतेगी आले. हे औषधाचे डॉक्टर नव्हेत, झाडांचे. वाटेत त्यांचं खेचर घसरलं आणि त्यांची दाबचौकट दरीत गेली. ते कपाळाला हात लावून एव्हारिस्तोच्या ओट्यावर बसले.

"माएस्त्रो, अशी चौकट करून द्याल? हलकी पाहिजे, पण वाकता कामा नये."

एव्हारिस्तोने त्यांनी मातीत काढलेली आकृती बघितली. घरात दुसरं वाळलेलं लाकूड नव्हतं. तो बराच वेळ वळचणीकडे बघत राहिला. मग उठून त्याने त्या फळ्या खाली ओढल्या. उबाल्दीना आतून म्हणाली, "त्याच काढल्यास?"

"दुसरं काय करू? कुजायच्याच आहेत."

"बघ बाबा. या लाकडात आपली लेक ठेवलीय. हा डॉक्टर त्यात काय भरणार आहे, विचार तरी."

"पानंफुलं," डॉक्टर म्हणाले.

"मग चालेल," ती म्हणाली. "ती पण फुलंच भरायची, फ्रॉकच्या खिशात."

अशी मी झाले, दीड दिवसात. डॉक्टरांनी मला दोन्ही हातांनी पिळून पाहिलं, वर बसून पाहिलं. म्हणाले, "राजधानीतल्या दुकानातली याच्यापुढे काहीच नाही." मित्रांनो, तो माझा पहिला मान.

त्यानंतर तीन वर्षं डॉक्टर दर मोसमात यायचे. एव्हारिस्तो मला पाठीला बांधून पुढे चालायचा, डॉक्टर मागून वहीत नंबर टाकत. संध्याकाळी पडवीत रॉकेलच्या शेगडीवर मला टांगायचे. गरम हवा खालून वर, माझ्या पट्ट्यांमधून, कागदांमधून जायची आणि ओलं रान हळूहळू वाळायचं. तोवर त्या दोघांच्या गप्पा. डॉक्टर त्याला शिकवायचे: जगातली सगळी झाडं कुळांमध्ये मांडलेली असतात, कुळाच्या पोटात प्रजाती, प्रजातीच्या पोटात जाती, आणि प्रत्येक झाडाचं शास्त्रातलं नाव दोन शब्दांचं. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा त्याचा स्वतःचा.

"म्हणजे आडनाव आधी आणि नाव मागून?" एव्हारिस्तो म्हणाला.

"तसंच समजा."

"उलटंच आहे तुमचं. आणि आईचं आडनाव कुठे लावता? आम्ही दोन्ही लावतो."

"ते नसतं."

उबाल्दीना चुलीपुढे हिरवी केळी कुटून त्यांचे गोळे वळत होती. ती मान न वळवता म्हणाली, "तरीच! पुरुषांनी बसून केलेलं दिसतंय."

डॉक्टर मोठ्याने हसले. ते हसायचे छान. वाईट माणूस नव्हता तो, हे मी आधीच सांगून ठेवते. वाईट असता तर मला हे सगळं सांगायला सोपं गेलं असतं.

एव्हारिस्तोचीही आपली मांडणी होतीच. जी झाडं मोडली की दूध गळतं ती एका घरातली. ज्यांच्या सालीला लसणाचा वास ती दुसऱ्या घरातली. ज्यांच्यावर मुंग्या राखण करतात ती तिसऱ्या. डॉक्टरांनी एकदा मुद्दाम शंभर कागद त्याच्यापुढे टाकले आणि लावायला सांगितलं. त्याने वास घेत, पानाचा काठ चाचपत गठ्ठे लावले. डॉक्टरांनी मोजलं. शंभरातले एक्क्याऐंशी त्यांच्या कुळांशी जुळले. "माएस्त्रो, तुम्ही आधी भेटला असतात तर माझी वीस वर्षं वाचली असती," ते म्हणाले. एव्हारिस्तो त्या दिवशी दोन वाडगे जास्त जेवला.

तिसऱ्या वर्षी ते झाड सापडलं.

ओल्या धारेच्या माथ्याजवळ एक झरा आहे. त्याच्या बाजूच्या काळ्या खडकाच्या फटींतून वीतभर उंचीची झाडं आलेली होती. पान वरून हिरवं आणि खालून वांगी रंगाचं. लांब देठांना लटकलेली लाल फुलं, आतून पिवळी. डॉक्टर गुडघ्यावर बसले. भिंग लावलं. उठेचनात.

"हे मी कुठेच पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "हे कुणीच पाहिलेलं नाही."

"आम्ही पाहिलंय," एव्हारिस्तो म्हणाला. "ही नार्सिसाची झुमकी. ती दोन फुलं तोडून कानात अडकवायची आणि मिरवायची गावभर. तिच्यामुळेच गाव याला तसं म्हणतं. दुसरीकडे कुठे मिळत नाही हे, याच खडकाला आहे."

खडकावर पंधरा झाडं होती. डॉक्टरांनी सहा काढली, मुळांसकट. झाड लहान असलं की सबंधच काढायचं, फांदी नाही, अशी त्यांची पद्धत. आणि एकाच्या जागी सहा का? कारण एक कागद आपल्या संस्थेत ठेवायचा, बाकीचे दूरदूरच्या संस्थांना पाठवायचे. त्यांनी त्यांच्याकडचे आपल्याला पाठवायचे. सगळ्या जगात ही देवाणघेवाण चालते. सहाही झाडं माझ्या पोटात आली. मी कामात कसूर केली नाही. फुलांचा रंगसुद्धा जाऊ दिला नाही.

त्या संध्याकाळी एव्हारिस्तो डॉक्टरांसमोर येऊन उभा राहिला. हात पुसत होता, पुसून झाले तरी पुसत होता.

"डॉक्टर, तुम्ही म्हणता दुसरा शब्द झाडाचा स्वतःचा. तो कोण ठरवतं?"

"जो पहिल्यांदा त्याचं वर्णन छापतो तो. म्हणजे इथे मी."

"आणि एकदा ठरला की?"

"की कायमचा. राजे गेले, सरकारं गेली, तरी पुसत नाही. जगातली सगळी पुस्तकं तेच नाव लिहितात."

एव्हारिस्तोने मागणं मागितलं. तीन वर्षांत पहिलंच. "मग तिचं ठेवा. नार्सिसाचं."

डॉक्टर उठले. त्यांनी एव्हारिस्तोचे दोन्ही हात हातात घेतले. "दिला शब्द. तिचंच नाव. पण मला फळ पाहिजे. फळाशिवाय प्रजाती पक्की ठरत नाही आणि मी अर्धवट छापत नाही. पुढच्या वर्षी फळाच्या दिवसांत येतो."

"येणार ना नक्की?"

"देवाशपथ."

उबाल्दीना दारात उभी होती. "कागदावर कशाला पाहिजे नाव?" ती म्हणाली. "माझ्या गाण्यात आहे की ती. दर वर्षी घेते."

"तू किती वर्षं गाणार?" एव्हारिस्तो म्हणाला. "आणि तुझ्यामागून कोण गाणार?"

ती आत चुलीकडे वळली. तिच्या बरोबरीच्या ध्रुपद धरणाऱ्या बायका तोवर दोनच उरल्या होत्या, बाकीच्या पोरांमागून शहराकडे गेलेल्या. नवऱ्याचं बोलणं तिला लागलं असणार. मला तर लागलं. नाव हे घेणाऱ्याच्या जिभेवर जगतं, मित्रांनो. ती जीभच सुकली की ते कुठे ठेवायचं, हा त्या बापाचा प्रश्न होता, आणि प्रश्न खोटा नव्हता.

पुढच्या वर्षात डोंगराची दशा झाली. खालून गाडीरस्ता वर चढला. रस्त्यामागून करवती आल्या, करवतींमागून केळीच्या बागा. झऱ्यावरची मोठी झाडं गेली, खडकावर ऊन पडायला लागलं, आणि ज्यांनी कधी ऊन बघितलंच नव्हतं ती उरलेली झुमकी एका उन्हाळ्यात करपली. एव्हारिस्तो रोज वर जायचा. नऊची पाच झाली. पाचाची दोन. डॉक्टर फळाच्या दिवसांत आले, तेव्हा झरा धबधबा होऊन पडतो त्याच्या मागच्या फटीत, जिथे तुषार उडतात, तिथे एक झाड होतं. एकच. त्याला वाटाण्याएवढी तीन फळं धरली होती.

दोघं वर चढले त्याच्या आदल्या दिवशी कुठल्याशा संताचा सण होता, आणि उबाल्दीनाने सगळ्या गावासमोर आदामाचं आख्यान लावलं होतं. डॉक्टरही पुढे बसले होते. देवाने सगळी जनावरं, सगळी पाखरं आदामापुढे आणली आणि म्हणाला, ठेव यांना नावं. उबाल्दीनाने ते असं गायलं की एकेक प्राणी अंगणातून चालत गेल्यासारखं वाटावं. मग थांबली, फडक्याने मान पुसली आणि डॉक्टरांकडे बघून म्हणाली, "आणि ऐका हं, आमच्या राजधानीच्या पाहुण्यांनी जरा नीट ऐका. आदामाने हरणाला हरीण म्हटलं तेव्हा हरीण कसं होतं? उभं होतं! कान हलवत होतं! आधी मारून, चेपून, शेगडीवर वाळवून मग नाव ठेवलं, असं काही माझ्या आजीने मला शिकवलं नाही बाई."

लोक खदखदून हसले. डॉक्टरही हसले, पण मान खाली घालून.

दुसऱ्या दिवशी त्या फटीपुढे ते दोघे उभे होते आणि मी एव्हारिस्तोच्या पाठीवर.

"एकच आहे, डॉक्टर."

"मला दिसतंय."

"नुसतं एक फळ घेतलं तर? झाड राहू दे."

डॉक्टरांनी वाकून फटीत पाहिलं. मग म्हणाले, "फळ झाडावर हवं, माएस्त्रो. सुटं फळ कशाचं, हे उद्या कुणीही विचारेल. पण तुम्ही नको म्हणालात तर मी हात लावणार नाही. नाव मात्र मग राहून जाईल. हे झाड काही पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही, तुम्हालाही माहीत आहे."

हे खरं होतं. हेच वाईट होतं, की ते खरं होतं.

एव्हारिस्तोने किती वेळ घेतला ते मला सांगता येणार नाही. पाण्याचा आवाज होता. त्याची पाठ माझ्या पट्ट्यांना लागून होती. मग तो पाण्यात उतरला, फटीत बोटं घातली, आणि झाड असं काढलं की एक मूळ तुटलं नाही. आजवर मी त्या हातांनी काढलेलं इतकं सुबक काही पाहिलं नव्हतं. त्याने ते स्वतःच कागदावर ठेवलं, पानं पसरली, एक पान उलटं केलं म्हणजे वांगी बाजू दिसावी, आणि पट्टे आवळले.

मी दाबलं, मित्रांनो. मला दुसरं काही येतच नव्हतं.

त्या खेपेला डॉक्टर मला तशीच भरलेली राजधानीला घेऊन गेले. "पुढच्या वर्षी परत आणतो," म्हणाले. पुढची वर्षं आली. ते आले नाहीत. ओल्या धारेवर आता गोळा करायला काही नव्हतं.

संस्थेत मला कपाटावर ठेवलं. तिथून सगळं दिसायचं. ते झाड जाड कागदावर चिकटलं. एक फळ कापलं आणि त्यातलं बी एका चिमुकल्या कागदी पुडीत घालून कोपऱ्यात लावलं. भोवती लाल काठाचं वेष्टण आलं. लाल काठ म्हणजे मूळ नमुना. ज्या एका वाळलेल्या झाडावर नाव टेकलेलं असतं, ते झाड. उद्या जगात कुणाला शंका आली, हे खरोखर तेच का, तर याच कागदाकडे यायचं. त्या सन्मानाने माझी छाती फुगली. खोटं कशाला बोलू.

वर्णनही लिहून झालं होतं. दोन पानांचं, देखणं. पण त्या वर्षाच्या अखेरीस संस्थेला पंचाहत्तर वर्षं होणार होती आणि मोठा अंक निघायचा होता. डॉक्टरांना वाटलं, नार्सिसाचं नाव साध्या अंकात नको, त्या अंकात येऊ दे. रंगीत चित्रासकट येऊ दे. चित्रकाराला सवड नव्हती. अंक लांबला. आठ महिने ती दोन पानं टेबलाच्या खणात होती.

आणि मधल्या काळात काय झालं होतं? झाड सापडलं त्या वर्षीच्या सहा कागदांतला एक डॉक्टरांनी समुद्रापलीकडे, या झाडाच्या कुळाच्या एका बड्या जाणकाराकडे पाठवला होता. चोरून नव्हे, लपवून नव्हे. रीतच तशी: नमुना तुम्ही ठेवून घ्या, आणि कुठल्या प्रजातीचा वाटतो ते कळवा. शब्द दिलेला त्यांना आठवत होता, पण चिठ्ठीत लिहायचं मात्र राहिलं, की या झाडाचं नाव मी ठेवणार आहे. इतकी साधी ओळ. आपल्यात कोण कुणाचं ओढून घेणार, असं त्यांना वाटलं.

त्या जाणकाराने कळवलं नाही. छापलं. त्याने फळासाठी वाट पाहिली नाही. नुसत्या फुलावरून प्रजाती ठरवली, आणि बरोबर ठरवली. एका धनवान गृहस्थाने त्याला काचघर बांधून दिलं होतं, त्या गृहस्थाचं नाव त्याने झाडाला दिलं. त्या गृहस्थाने ओली धार नकाशावरसुद्धा बघितली नसेल.

आपला मोठा अंक निघाला त्यानंतर चार महिन्यांनी. डॉक्टरांना तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी आनंदाने अंकातलं पान एव्हारिस्तोला टपालाने पाठवलं. समुद्रापलीकडचं पुडकं आलं त्याच्या पुढच्या आठवड्यात. डॉक्टरांनी ते उभ्याउभ्याच उघडलं. दोन्ही छापील पानं शेजारी ठेवली, दोन्ही तारखा पाहिल्या. मग खुर्चीत बसले आणि दिवसभर बसूनच राहिले. फळाशिवायही चाललं असतं. ते शेवटचं झाड उपटायची गरजच नव्हती. हे त्यांना त्या दिवशी कळलं, आणि कपाटावर मला.

त्यांनी गावाला पत्र लिहायला घेतलं. मी पाहिलं. तीनदा घेतलं, तीनदा फाडलं.

पुढे धातूच्या चौकटी आल्या. मला कपाटावरून काढून एका दारापाशी टाकलं. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून फटीत मला सरकवायचे. सात वर्षं मी दार अडवत होते. हे मला मागून कळलं, पण सात वर्षं तिकडे सान रोमुआल्दोत ते छापील पान काचेच्या चौकटीत भिंतीवर होतं. एव्हारिस्तोने चौकट केली होती, उबाल्दीना त्याच्यापुढे मेणबत्ती लावायची. गावातलं लेकरूही दाखवायचं, बघा, आमची नार्सिसा, जगातल्या सगळ्या पुस्तकांत आहे.

मग गावच्या शाळेत सरकारी पुस्तक आलं, प्रांतातल्या सगळ्या झाडांची नावं असलेलं. मास्तरने कौतुकाने नार्सिसाचं नाव शोधलं. सापडलं नाही. दोनदा शोधलं.

एव्हारिस्तो भिंतीवरची काच उतरवून, फडक्यात गुंडाळून राजधानीला आला. दारात शिरताना त्याची नजर खाली गेली. तो वाकला आणि त्याने माझ्या पट्टीवरून अंगठा फिरवला.

"ही इथे? दाराला?"

"जुनी झाली हो," कपाटांची राखण करणारी सेन्योरिता पिएदाद म्हणाली. कागद चिकटवून चिकटवून तिच्या बोटांची सालं निघालेली असत. "कुणाला भेटायचंय, बाबा?"

"माझ्या लेकीला," तो म्हणाला, आणि काचेतलं पान पुढे केलं.

पिएदादने पान वाचलं.  मग तिने कपाट उघडून लाल काठाचं वेष्टण आणलं, टेबलावर उलगडलं. झाड तसंच होतं. पान उलटं केलेलं, वांगी. एव्हारिस्तोने ओळखलं. कोपऱ्यात चिठ्ठी होती. गोळा करणारा म्हणून डॉक्टरांचं नाव आणि नंबर. त्याखाली आणखी एक चिठ्ठी, दोन ओळींची.

"वाचून दाखवा, बाई."

"वरची ओळ, हे चालू नाव." तिने त्या काचघरवाल्या गृहस्थाचं नाव वाचलं. "खालच्या ओळीत तुमच्या मुलीचं. ते नंतरचं नाव आहे. चार महिने नंतरचं. नंतरचं नाव वापरत नाहीत."

"वापरत नाहीत, तर लिहून का ठेवलंय?"

"नोंद म्हणून."

"कशाची नोंद?"

पिएदादने वेष्टणाचा काठ सारखा केला. "हे नाव वापरू नये याची," ती म्हणाली.

तेवढ्यात डॉक्टर आतून बाहेर आले. केस पांढरे झाले होते. एव्हारिस्तोला पाहून ते जिथल्या तिथे उभे राहिले.

"माएस्त्रो. मी तुम्हाला कळवणार होतो."

"सात वर्षं?"

"लाज वाटली."

"मला सांगायला लाज वाटली. तिच्या आईला सात वर्षं मेणबत्त्या लावायला लावल्या, त्याची नाही वाटली."

डॉक्टर टेबलावरच्या त्या दोन ओळींकडे बघत राहिले.

"खोडता नाही येत? वरचं?"

"नाही येत. मीच तुम्हाला सांगितलं होतं. एकदा ठरलं की पुसत नाही."

"हो," एव्हारिस्तो म्हणाला. "सांगितलं होतं खरं."

मग त्याने त्या कोपऱ्यातल्या पुडीवर बोट ठेवलं. "यात बी आहे ना? तर मग नाव राहू दे तुमचं. मला बी द्या. तिच्या मातीवर लावतो."

"मूळ नमुन्याला हात लावता येत नाही, बाबा," पिएदाद हळूच म्हणाली. "कुणालाच."

डॉक्टरांनी पुढे होऊन पुडी उघडली. आयुष्यभर त्यांनी एकही नियम मोडला नव्हता. धुळीसारखं बारीक बी त्यांनी कागदाच्या तुकड्यावर झटकलं, घडी घातली आणि एव्हारिस्तोच्या हातात दिली. त्यांचा चेहरा मी खालून बघत होते. ते बी तीन दिवस तीन रात्री शेगडीच्या उष्णतेवर माझ्या पोटात भाजलं होतं. वर कीड लागू नये म्हणून त्याच्यावर विषारी औषध फिरलं होतं. ते रुजणार नाही, हे झाडांच्या डॉक्टरला ठाऊक नसेल? होतं. तरी दिलं. द्यायला दुसरं काही उरलंच नव्हतं त्यांच्याकडे.

जाताना एव्हारिस्तोने मला दारातून काढलं. कुणी अडवलं नाही. मागे ते दार धाडकन आपटलं.

आता मी सान रोमुआल्दोच्या दफनभूमीत आहे, मित्रांनो. एव्हारिस्तोने माझ्या दोन्ही जाळ्या सोडवून नार्सिसाच्या मातीभोवती कुंपण केलं, कोंबड्यांनी पेरलेलं उकरू नये म्हणून. माझ्या पट्ट्या पावसाने कुजत चालल्या आहेत. खाली तिची पेटी कधीच माती झाली. एकाच झाडाच्या फळ्या आम्ही, फार दिवस वेगळ्या राहिलो, आता भेटू.

भिंतीवरची काच एव्हारिस्तोने परत लावली नाही. उबाल्दीना अजून दर वर्षी इथे येते आणि गाते. आवाज चिरका झालाय, कडवी विसरते. ध्रुपद धरायला आता बाई नाही, म्हणून एव्हारिस्तोच धरतो, बेसूर. आदामाचं आख्यान ती आता लावत नाही. पण लेकीचं नाव घेते, आणि त्या क्षणापुरतं ते खालच्या ओळीत नसतं.

तुम्ही शिकाल, मोठे व्हाल. तुमच्यातलं कुणी झाडांना, पाखरांना, माशांना नावं ठेवायला निघेल. जरूर निघा. ते काम थोर आहे, मी त्याच कामात झिजले. पण पट्टे आवळण्याआधी वाकून एकदा मोजा, किती उरलीत. आणि जे बोट दाखवून तुम्हाला तिथवर नेतात, त्यांना द्यायचा शब्द कुठल्याही मोठ्या अंकासाठी खणात ठेवू नका.

एव्हारिस्तो रोज सकाळी डबाभर पाणी घेऊन येतो. माझ्या पट्ट्यांमधून हात घालून हलकेच शिंपडतो, माती फुटू नये असं. मग गुडघ्यावर हात ठेवून बघत बसतो. मीही बघते. माती काळी आहे, ओली आहे, तण काढलेलं आहे. हे सहावं वर्ष.

अजून काही उगवलेलं नाही.